येसू तांडेलचा सातवा भाग

एसटी भररस्त्यात थांबली, तेव्हा मला वाटलं पुढे म्हैस आडवी आली असेल. पण गाडीचं दार उघडलं आणि कंडक्टर नवनाथ डिसले खाली उतरून थेट आमच्यासमोर येऊन उभे राहिले. बार्शी-परांडा गाडी. आत माणसं दाटीवाटीने बसलेली. मालवदे सरांच्या हातात मेथीची जुडी, माझ्या हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"सर, एकच सांगा. येसू तांडेल जिवंत आहे ना?"

"पुढच्या भागात कळेल," सर म्हणाले.

"पुढचा भाग कधी?"

"लिहितोय."

"मेला असेल तर आत्ताच सांगून टाका. डेपोत आम्ही चौदा जण वाचतो. मी त्यांना हळूहळू सांगीन."

"अहो, चला की!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

त्याच्याच मागच्या खिडकीतून दुसरा म्हणाला, "थांबा हो जरा. काय म्हणतात ते ऐकू तर द्या."

सर कानापर्यंत लाल झाले होते. कुणी कौतुक केलं की त्यांचं असंच व्हायचं. ते म्हणाले, "डिसले, तुमची गाडी लेट होईल." डिसल्यांनी बेल मारली, पण गाडी वळेपर्यंत ते दारात उभे राहून आमच्याकडेच बघत होते.

ही शहात्तर सालची गोष्ट. नरहर मालवदे आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण याच माणसाने 'येसू तांडेल' या कादंबरीमालेचे सहा भाग लिहिले होते. मराठ्यांच्या आरमारातला एक तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख खलाशी, त्याची ही साहसं. वादळं, फितुरी, खडकांतून काढलेल्या वाटा, शत्रूच्या जहाजावर पोहत जाऊन घातलेले छापे. समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या कोरड्या गावात बसून हे सगळं लिहिलेलं होतं आणि गाव त्याच्यामागे वेडं झालं होतं. वाचनालयात प्रत्येक भागाच्या तीन-तीन प्रती होत्या आणि तिन्ही शिवून शिवून जाड झालेल्या. सहाव्या भागाच्या शेवटी येसू जखमी होऊन, फुटक्या गलबतासकट धुक्यात शिरला होता. त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

मी तेव्हा मराठी घेऊन एम.ए. करत होते. सरांचं अक्षर इतकं वाईट होतं, की प्रकाशकाने हस्तलिखित दोनदा परत पाठवलं होतं. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, अक्षर बरं, म्हणून तीन वर्षं मी त्यांच्या मजकुराची स्वच्छ प्रत करून देत असे. त्यासाठी दुपारी त्यांच्या घरी जायचे. शाळा सकाळची होती. जेवण झालं, की सर काकूंच्या खाटेजवळ खुर्ची ओढून घ्यायचे आणि आदल्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवायचे. मी उंबऱ्याजवळ चटईवर बसून आधीच्या पानांची नक्कल करत असायची.

काकूंचं नाव द्वारका. अकरा वर्षांपूर्वी विहिरीवर पाय घसरून पडल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. मूलबाळ नव्हतं. त्या खाटेवरूनच घर चालवायच्या. भाजी निवडायच्या, शिवणटिपण करायच्या, कोणता डबा कुठे आहे ते भिंतीकडे बघत सांगायच्या. पण सर वाचायला लागले, की हातातलं सगळं बाजूला ठेवायच्या.

"'अमावास्येचं उधाण आलं होतं,'" सहाव्या भागाच्या वेळी एकदा सर वाचत होते. "'येसू धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. चांदण्यात त्याची सावली...'"

"थांबा."

सर थांबले.

"अमावास्येला चांदणं कुठून आणलंत?"

सरांनी जीभ चावली आणि ओळ खोडली.

"आणि उधाणात शेवटच्या पायरीवर कसा उभा राहील? वाहून जाईल तो. आमच्या धक्क्याला अकरा पायऱ्या. अमावास्येचं पाणी वरून तिसरीपर्यंत यायचं. बाबा आम्हाला खालीच उतरू द्यायचे नाहीत."

"बरं. मग चौथीवर उभा करू?"

"दुसरीवर करा. आणि वास लिहा की. उधाण चढायच्या आधी पाण्याला वास येतो. कलिंगड चिरल्यावर येतो ना, तसा."

सर लिहून घेत होते. "वारा कुठून?"

"तोंडावर. आणि ओठ खारट होतात. चाटले की आणखी खारट लागतात."

असं रोज दोन-दोन तास चालायचं. सर विचारायचे, त्या सांगायच्या. कधी भांडणसुद्धा व्हायचं. येसूने एका फितूर खलाशाला समुद्रात फेकलं, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. शेवटी सरांनी त्या खलाशाला एक फळी मिळवून दिली.

सुरुवातीला मला वाटायचं, सर कोकणात बरीच वर्षं राहिले असतील. एकदा मी तसं विचारलं. सरांनी काकूंकडे बघितलं. काकू हसायला लागल्या.

"हे? ह्यांनी समुद्र बघितलाय कुठे! पुण्याला गेले होते एकदा, प्रकाशकाकडे. तिथली नदी बघून आले."

त्या देवगडच्या अलीकडच्या एका लहान बंदरावर वाढलेल्या. वडील तिथल्या जकात नाक्यावर शिपाई. तेरा वर्षांच्या असताना वडील गेले, म्हणून बार्शीत नोकरीला असलेल्या मामाने त्यांना इकडे आणलं. त्यानंतर पुन्हा जाणं झालं नाही. "लग्न झाल्यापासून हे म्हणत होते, पुढच्या मे महिन्यात जाऊ, पुढच्या मे महिन्यात जाऊ," काकू म्हणाल्या. "तेवढ्यात मी पडले."

आजारपणाच्या पहिल्या वर्षी त्यांची दुपार सरत नसे. सर त्यांना बोलतं करायला बंदराबद्दल विचारायचे. त्यातून येसू तांडेल जन्माला आला होता.

"पहिल्या पुस्तकावर हिचं नाव घालणार होतो," सर म्हणाले. "घालू दिलं नाही हिने."

"काहीतरीच. बायकोने सांगितलेल्या गोष्टी लिहितो म्हणून हसतील लोक."

सर माझ्याकडे वळले. "कुमुद, हे बाहेर बोलू नकोस. मी भूगोल शिकवतो गं. पोरांना भरती-ओहोटी शिकवतो. आणि मी समुद्रच पाहिलेला नाही, हे कळलं तर..."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वाचनालयाने सरांचा सत्कार करायचं ठरवलं. पाहुणे म्हणून पुण्याचे प्राध्यापक खानझोडे येणार होते. समीक्षेत त्यांचं मोठं नाव होतं आणि मला पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली करायची होती. त्यांना दोन पत्रं पाठवून झाली होती, उत्तर नव्हतं. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "वाचकांच्या वतीने चौघं जण बोलतील. शेवटी तू बोल. तू शिकलेली आहेस, समारोप नीट करशील."

मी आठ दिवस भाषण लिहीत होते. ते सरांसाठी नव्हतं. खानझोड्यांसाठी होतं.

काकूंनी त्या दिवशी सरांना इस्त्रीचा कोट घालायला लावला. मी सरांना न्यायला गेले, तेव्हा काकू खाटेवरून म्हणाल्या, "कुमुद, आल्यावर सगळं सांग हं. कोण काय बोललं ते. हे काही सांगायचे नाहीत."

वाचनालयाची खोली भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. तेलाच्या गिरणीतले कामगार पाळी संपवून तसेच आले होते. डेपोतले चौदाच्या चौदा जण होते. खानझोडे व्यासपीठावर सरांच्या शेजारी बसले होते, पण जरा तिरके, घड्याळाकडे बघत. साहसकादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या सत्काराला आपल्याला का बोलावलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आधी गिरणीतला एक तोलणारा बोलला. त्याला वाचता येत नव्हतं, मुलगी वाचून दाखवायची. "मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, सहावा भाग संपव आणि मग जा," असं तो म्हणाला आणि लोक टाळ्या वाजवत हसले. मग एक विधवा बाई उठल्या. माइकला हात लावायचाही त्यांना धीर होत नव्हता. त्या म्हणाल्या, "मी समुद्र बघितला नाही, बघायचीही नाही. पण कलिंगड चिरलं की मला वाटतं, आता उधाण येणार." एवढंच बोलून त्या खाली बसल्या. सरांनी डोळे पुसले. तिसरे डिसले. ते बोलले कमी आणि येसू तांडेलची वाक्यं पाठ म्हणाले जास्त.

मग मी उठले.

मी कादंबरीचा इतिहास सांगितला. वास्तव आणि कल्पना यांच्यावर बोलले. बोलता बोलता दिसलं, खानझोडे खिडकीतून बाहेर बघतायत. मागे कुणीतरी खोकलं. माझ्या हातातली टिपणं ओली झाली. आणि तेव्हा, आठ दिवस लिहिलेल्या भाषणात कुठेही नसलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"आपल्या सगळ्यांना ज्यांनी सहा वेळा समुद्रात बुडवलं, त्या लेखकाने आयुष्यात एकदाही समुद्र पाहिलेला नाही!"

खानझोडे माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी खिशातून पेन काढून समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी आणखी रंगात आले. कल्पनाशक्तीवर बोलले. एकट्या खोलीत बसून लेखक अख्खं विश्व कसं उभं करतो, ते सांगितलं. एकट्या खोलीत, असं मी म्हटलं. त्या खोलीत खाट होती, खाटेवर बाई होती, आणि सगळं विश्व तीच सांगत होती, हे मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर वाक्याला धार राहिली नसती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सरांकडे बघितलं. ते मांडीवरच्या शालीच्या घड्या नीट करत होते.

डिसले उभे राहिले. "म्हणजे सरांनी समुद्र बघितलाच नाही?"

कुणी हसेल म्हणून सरांनी मान खाली घातली. पण कुणीच हसलं नाही. डिसले माणसांतून वाट काढत पुढे आले.

"सर, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं समुद्र दाखवला. आता आम्ही तुम्हाला दाखवणार! दिवाळीच्या सुट्टीत. एसटी करारावर घेऊ. कोण कोण येतं?"

खोलीतले निम्मे हात वर गेले. व्हरांड्यातून कुणीतरी आरोळी ठोकली. सर उभे राहून काहीतरी म्हणत होते, पण त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत कधीच पोचत नसे.

परत जाताना सर माझ्यापुढे दोन पावलं चालत होते. घराच्या पायरीशी आल्यावर मी म्हटलं, "सर, चुकलं माझं."

"खोटं कुठे बोललीस तू?" ते म्हणाले. मग पायरी चढता चढता, "आत येऊ नकोस आज. मीच सांगतो तिला."

लोकांचं प्रेम मोडता येत नाही. सरांनी दोन-तीनदा काकूंचं कारण काढून बघितलं. पण डिसल्यांनी शेजारच्या बाईंना विचारून ठेवलं होतं, डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं आणि मला म्हणाले, "ताई, तीन दिवस तुम्ही राहाल ना काकूंजवळ?" मी हो म्हटलं. ते तेव्हाच बोलायला हवं होतं. समुद्र कुणाचा आहे, कुणाला न्यायचं आहे, हे सांगायला हवं होतं. चौदा माणसांनी खाटेसकट उचलून नेली असती त्यांना. ती माणसंच तशी होती. पण मग सभेत मी अर्धंच सांगितलं, हे उघड झालं असतं. मी गप्प राहिले.

भाऊबीज झाल्यावर गाडी निघाली. पुढच्या काचेला झेंडूची माळ होती. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर वही. काकूंनी त्यांना डबा दिला होता, स्वेटर दिला होता. बंदराचं नावही काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. नेहमीची वाचनाची वेळ होती.

"सभेत काय बोललीस ते तू मला सांगितलंच नाहीस," काकू म्हणाल्या.

"सरांनी सांगितलं ना?"

"ते म्हणाले, छान बोलली. माझं नाव घेतलंस का गं त्यात?"

माझे हात थांबले. "तुम्हीच नको म्हणाला होता, काकू."

"ते त्यांना म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यांना तसंच म्हणायचं असतं. तुला कुठे म्हटलं होतं?"

मी त्यांची वेणी घातली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या बंदरावर जाऊन येतील का गं? मी काही सांगितलं नाही. सांगायचं कशाला, त्यांना सगळं पाठ आहे."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. गल्लीतच लोकांचे आवाज ऐकू यायला लागले. डिसले मालवणी खाज्याचे चार पुडे घेऊन आत आले, काकूंना वाकून नमस्कार केला, म्हणाले, "काकू, सर गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. आम्ही सगळे काठावर. कुणी बोललं नाही, सांगतो तुम्हाला. कुणीच बोललं नाही." आणि रडू येईल म्हणून लगेच निघून गेले.

सर खुर्चीवर बसले. चेहरा उन्हाने काळवंडला होता.

"कसा होता?" काकूंनी विचारलं.

"तू सांगितलास तसाच."

"बंदरावर गेला होतात?"

"गेलो होतो."

काकू कोपरावर जोर देऊन जरा वर झाल्या. "जकात नाका आहे?"

"आहे."

"आणि धक्का? पायऱ्या?"

"सगळं आहे. जसंच्या तसं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आणखी ऐकायचं होतं. पायऱ्या किती मोजल्या, पाणी कुठवर होतं, समोरच्या घरात आता कोण राहतं. सर उठले आणि पाय धुवायला मागे गेले.

"बरं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

दिवाळीनंतर सरांनी सातव्या भागाला पुन्हा हात घातला. सगळ्या गावाला वाटत होतं, आता तर काय बहारच येणार. अकरा पानं झाल्यावर एके दुपारी त्यांनी खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. मी चटईवर होते. पानं चांगली होती. पाण्याचा मातकट रंग, पायाखालून सरकणारी वाळू, लाट परत जाताना होणारा आवाज, सगळं बारकाईने लिहिलेलं. सर वाचत गेले. मी वाट बघत होते, काकू आता थांबवतील. अकराही पानं संपली.

"काय चुकलंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे."

सरांनी कागद जुळवून ठेवले. काकूंनी निवडायचे तांदूळ पुढे ओढले. त्या ताटात खडा नव्हता, तरी त्या निवडत राहिल्या.

त्यानंतर खुर्ची खाटेजवळ गेली नाही. सर दुपारी वर्तमानपत्र वाचायचे, मुलांच्या वह्या तपासायचे. काकूंशी ते प्रेमाने वागत होते, औषध वेळेवर देत होते. पण त्यांनी काही विचारणं सोडलं होतं. मला नक्कल करायला काही नव्हतं, तरी मी अधूनमधून जायची. एकदा सर बाहेर गेले असताना मी काकूंना म्हटलं, "तुम्ही आपणहून सांगा ना त्यांना काहीतरी. म्हणजे लिहितील ते."

"आता कशाला सांगू?" काकू म्हणाल्या. "स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेत. मी तेरा वर्षांची पोर होते. माझं आठवलेलं किती खरं, किती खोटं, ते कळलं त्यांना. म्हणून तर विचारत नाहीत. वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत, एवढंच."

"तसं नसेल, काकू."

"मग कसं असेल?"

सरांना जाऊन विचारावं, असं मनात आलं. पण आधीच एकदा बोलून इतकं झालं होतं, आता पुन्हा मध्ये पडायला नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याच आठवड्यात खानझोड्यांचं पत्र आलं होतं. 'तुमचं सभेतलं ते वाक्य अजून लक्षात आहे. येऊन भेटा.' मी पुण्याला जायच्या तयारीत होते.

काकू पुढच्या वर्षी श्रावणात गेल्या. मला पुण्यात चार दिवसांनी पत्राने कळलं.

मग मीच जायचं टाळलं. पीएच.डी. झाली, लातूरला नोकरी लागली. सातव्या भागाबद्दल वाचनालयाने तीनदा प्रकाशकाला लिहिलं, असं कुणीतरी सांगितलं. शेवटी चार वर्षांनी, एका सुट्टीच्या दिवशी, मी बार्शीला उतरून सरांकडे गेले. खाट काढून टाकली होती. त्या जागी टेबल होतं, त्यावर वाचकांची पत्रं रचून ठेवली होती.

"अजून येतात?" मी विचारलं.

"येतात. सगळ्यांना उत्तरं देतो. डिसले दर रविवारी येतात. त्यांनी विचारायचं सोडून दिलंय. चहा पिऊन जातात."

सर पार थकले होते. मी किती वर्षं मनात ठेवलेलं एकदम बोलून टाकलं. "सर, मी त्या दिवशी बोलले नसते तर सातवा भाग झाला असता. माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे नाही गं," सर म्हणाले. मग टेबलावरच्या पत्रांकडे बघत बसले. "तुला म्हणून सांगतो. कुणाला बोललो नाही. तिचं बंदर राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"खाडी गाळाने भरून गेलीय. पाणी फर्लांगभर लांब गेलंय. धक्क्याच्या दोन पायऱ्या दिसतात, बाकीच्या मातीत. तिथे शेळ्या चरत होत्या. जकात नाक्याचा नुसता चौथरा. एका म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला, इथे कुठलं बंदर? डिसले गाडीतून विचारत होते, सर, इथे काय बघायचंय?" सर थांबले. "मी काय सांगणार त्यांना."

मी टेबलावरची पत्रं उगाच सरळ केली.

"घरी आलो, तर ती कोपरावर जोर देऊन वर झाली. अकरा वर्षांत अशी उठली नव्हती. जकात नाका आहे का म्हणाली. आता तिला काय सांगायचं? म्हटलं, आहे. सगळं तसंच आहे. तेवढं सांगितलं. पण मग रोज दुपारी तिने त्या पायऱ्या सांगायच्या आणि मी शेळ्या आठवत ऐकायचं, ते मला जमेना. एखाद दिवशी तोंडातून गेलं असतं. म्हणून विचारायचंच बंद केलं."

बाहेर सायकलची घंटी वाजत गेली. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"पण तिला बरं वाटलं असेल ना? आपलं बंदर अजून तसंच आहे म्हणून. शेवटचे दिवस त्या समाधानात गेले असतील. तू यायचीस तिच्याकडे. कधी काही म्हणाली होती का त्याबद्दल?"

"हो," मी म्हटलं. "म्हणाल्या होत्या. फार बरं वाटलं म्हणाल्या."

सर खुर्चीत जरा सरळ झाले.

"नक्की असंच म्हणाली?"

"नक्की," मी म्हटलं.